सूक्ष्म मूलद्रव्यांचे पृथक्करण : प्लाझ्मा यंत्रास काय दिसते व काय दिसत नाही

यवतमाळ जिल्ह्यात श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास शिवारातून फेरी मारली असता एकाच बांधाच्या दोन अंगांस पऱ्हाटीची दोन रूपे पाहावयास मिळतात. एकीकडे झाड जोमदार, पाने रुंद व हिरवी. दुसरीकडे पेरी आखूड, वरची पाने लहान व जाडसर, शिरा हिरव्या परंतु शिरांमधला भाग फिकट पिवळा. बी एकाच वाणाचे, पेरणी एकाच पावसातली, खतही बहुधा एकाच दुकानातले. शेजारीपाजारी युरियाचा हात द्यावयास सांगतात. दुकानदार फळीवरची एखादी बाटली काढून देतो. दोन्ही उपाय करून पीक सुधारले नाही म्हणजे जमिनीस दोष दिला जातो. वस्तुतः अशा पिकास नत्राची भूक नसून जस्ताची भूक असण्याचा संभव पुष्कळ असतो, आणि ती भूक डोळ्यांनी ओळखण्यापेक्षा मोजून पाहणे हाच खात्रीचा मार्ग होय. ही मोजणी कशी करतात, त्याकरिता जी नवी प्लाझ्मा यंत्रे निघाली आहेत त्यांचे कार्य कसे चालते, आणि त्यांच्या अहवालावर शेतकऱ्याने कितपत विसंबावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नत्र, स्फुरद व पालाश ही अन्नद्रव्ये पिकास हेक्टरी किलोच्या हिशेबाने लागतात. जस्त, लोह, मंगल, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल ही मात्र फार अल्प प्रमाणात पुरतात, म्हणून त्यांस सूक्ष्म अन्नद्रव्ये म्हणतात. अल्प लागतात म्हणजे ती कमी महत्त्वाची आहेत असे नव्हे. उत्तर प्रदेशातील तराई भागात भाताची रोपे तांबूस होऊन खुंटत असत. लोक तो बुरशीचा रोग समजत. तो 'खैरा' विकार जस्ताच्या अभावामुळे होतो, हे पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, आणि झिंक सल्फेटची फवारणी देताच रोपे सावरली. लगेच पुढल्या वर्षी, १९६७ मध्ये, भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने सूक्ष्म अन्नद्रव्यांविषयी अखिल भारतीय समन्वित योजना सुरू केली. आपल्या विभागात अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हे काम पाहते.

विदर्भाच्या काळ्या जमिनी बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या आहेत. बेसाल्टात लोह भरपूर, मंगल व तांबेही पुरेसे. मग अशा जमिनीत उणीव का पडावी? याचे उत्तर जमिनीच्या विम्लतेत व चुनखडीत आहे. सामू आठच्या आसपास गेला आणि चुन्याचे खडे मातीत मिसळलेले असले म्हणजे जस्त व लोह अविद्राव्य रूपात बांधले जातात. कणगी धान्याने भरलेली असावी, परंतु तिचे झाकण शेणामातीने पक्के लिंपलेले असावे, तशी ही स्थिती आहे. मुळांना मिळते ते फक्त फटीतून गळणारे दाणे. काळ्या मातीत एकूण लोह शेकडा कित्येक भाग असूनही त्यावरच्या भुईमुगाची वा संत्र्याची कोवळी पाने पांढुरकी पडतात, ती याच कारणाने.

किती अल्प म्हणजे अल्प

जस्ताची सीमारेषा सामान्यतः एक किलो मातीत ०.६ मिलिग्रॅम उपलब्ध जस्त अशी मानतात. त्याखाली गेल्यास जमीन 'कमतरतेची' समजावी. लोहाकरिता हीच सीमा ४.५, मंगलाकरिता २.०, तांब्याकरिता ०.२ व बोरॉनकरिता ०.५ मिलिग्रॅम अशी धरण्याची वहिवाट आहे. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन ढोबळ मानाने २० लाख किलो भरते. त्यावरून हिशेब केल्यास ०.६ मिलिग्रॅम या दराने संपूर्ण हेक्टरात पिकाच्या वाट्यास येणारे जस्त अवघे १ किलो २०० ग्रॅम होते. सगळ्या वावराचे भवितव्य सव्वा किलोवर अवलंबून! याउलट शिफारशीप्रमाणे हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट दिले असता, त्यात जस्त शेकडा २१ असल्याने, सव्वापाच किलो जस्त जमिनीत पडते. म्हणूनच ही मात्रा दरसाल देण्याची गरज नसते. एकदा दिल्यावर दोन-तीन वर्षे पुरते.

पाण्यातील विषारी धातूंची मोजणी याहूनही सूक्ष्म असते. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी उभे असेल, तर ते सुमारे ९८ हजार लिटर भरते. त्या सर्व पाण्यात एक ग्रॅमचा दहावा हिस्सा शिसे विरघळले, तर पाण्यात शिशाचे प्रमाण साधारणतः अब्जांत एक भाग झाले असे म्हणता येईल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे १०५०० क्रमांकाच्या २०१२ च्या मानकात, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे अब्जांत दहा भाग आहे. कॅडमियमची तीन व पाऱ्याची फक्त एक. इतके अल्प प्रमाण जुन्या रंगमापन पद्धतींनी ओळखणे कठीण होते. प्लाझ्मा यंत्र मात्र अनेक धातूंच्या बाबतीत याच्याही हजाराव्या हिश्शापर्यंत पोचते.

यंत्राचे कार्य

सूक्ष्म धातू मोजण्याचे पहिले सुलभ साधन ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ अ‍ॅलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये पुढे मांडले. त्यास अणुशोषण पद्धती म्हणतात. नमुन्याचे द्रावण ज्योतीत उडवावयाचे, त्यातून विशिष्ट दिव्याचा प्रकाश सोडावयाचा, आणि किती प्रकाश शोषला गेला त्यावरून धातूचे प्रमाण काढावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. जस्ताकरिता जस्ताचा दिवा, लोहाकरिता लोहाचा. एका वेळी एकच धातू. मृद चाचणी प्रयोगशाळांत जस्त, लोह, मंगल व तांबे यांची परीक्षा आजही मुख्यतः याच पद्धतीने होते, आणि त्या कामाकरिता ती पूर्णपणे पुरेशी आहे.

प्लाझ्मा वस्तुमान-मापक यंत्र निराळ्या तत्त्वावर चालते. अणूंना त्यांच्या वजनावरून वेगळे करण्याची कल्पना जुनी. केंब्रिज येथे अ‍ॅस्टन यांनी १९१९ मध्येच असे यंत्र बनविले होते. परंतु त्यास प्लाझ्माची जोड देण्याचे श्रेय अमेरिकेतील आयोवा राज्याच्या एम्स प्रयोगशाळेतील ह्यूक व फॅसेल आणि त्यांचे इंग्रज सहकारी ग्रे यांस आहे. त्यांचा लेख १९८० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९८३ पासून अशी यंत्रे विक्रीस येऊ लागली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'आयसीपी-एमएस' म्हणतात. प्रयोगशाळेच्या अहवालात शेतकऱ्यास हेच नाव आढळेल.

प्लाझ्मा म्हणजे इतका तापलेला वायू की त्यातील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. या यंत्रात काचमण्याच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, नळीतून आरगॉन वायू सोडतात. नळीभोवती तांब्याचे वेटोळे असून त्यातून उच्च कंपनसंख्येचा विद्युत्प्रवाह खेळवितात. एक ठिणगी पडताच वायू पेटल्यासारखा दिसतो. ही ज्योत जळणाची नव्हे. तिचे तापमान सहा ते दहा हजार अंशांच्या घरात जाते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाएवढे वा त्याहून अधिक. नमुन्याचे द्रावण फवारणी पंपाच्या तोटीप्रमाणे अत्यंत बारीक तुषारांच्या रूपाने या ज्योतीत सोडले जाते. तेथे पाणी उडते, क्षार फुटतात, रेणू मोडतात आणि शेवटी प्रत्येक धातूचा सुटा अणू एक इलेक्ट्रॉन गमावून धनभारित होतो.

अशा भारित अणूंचा झोत सुमारे एक मिलिमीटर छिद्र असलेल्या धातूच्या शंकूतून निर्वात पेटीत शिरतो. पेटीत चार समांतर दांड्या असतात. त्यांवरील विद्युत्‌दाब असा बदलत ठेवतात की एका क्षणी एकाच वजनाचे अणू मधल्या वाटेने पार जावेत, बाकीचे बाजूस फेकले जावेत. खळ्यावर तिवईवर उभे राहून धान्य उपणताना भूस दूर जाते व दाणा जवळ पडतो. येथेही निवड वजनावरूनच होते, फरक इतकाच की येथे वारा विजेचा आहे व निवड एकेका अणूची. पलीकडच्या टोकास मोजणीयंत्र असून ते येणारे अणू शब्दशः मोजते. दांड्यांवरील दाब बदलण्यास निमिषाचाही वेळ लागत नाही. त्यामुळे दोन-तीन मिनिटांत एकाच द्रावणातून तीस-चाळीस मूलद्रव्ये मोजून होतात.

खर्चाचा भाग मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नाही. हे यंत्र मिनिटास सुमारे पंधरा-सोळा लिटर आरगॉन खाते. सात घनमीटरचा एक नळकांडा एका कामाच्या दिवसात रिकामा होतो. शिवाय स्वच्छ खोली, अतिशुद्ध आम्ले, अखंड वीज व शिकलेला हात हवा. म्हणून ही यंत्रे मोठ्या संशोधन संस्थांत व काही मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळांतच आढळतात. केवळ जस्ताची उणीव जाणण्याकरिता एवढ्या महागड्या यंत्राकडे धाव घेण्याचे कारण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. या यंत्राचा खरा उपयोग शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, सेलेनियम, युरेनियम यांसारखी द्रव्ये अत्यल्प प्रमाणात शोधण्याकरिता होय.

चुनखडीच्या मातीत यंत्राची फसगत

वजनावरून निवड करण्यात एक मेख आहे. दोन निरनिराळ्या वस्तूंचे वजन सारखे निघाले तर यंत्रास भेद करता येत नाही. आरगॉनच्या मुख्य अणूचे वजन ४० व प्राणवायूचे १६. दोहोंची जोडी झाली की ५६ होते, आणि लोहाच्या मुख्य अणूचे वजनही ५६ च आहे. म्हणजे नुसत्या शुद्ध पाण्यातही यंत्रास 'लोह' दिसू लागते! आरगॉन व ३५ वजनाचा क्लोरीन मिळून ७५ होतात, आणि आर्सेनिकचे वजनही ७५. खाऱ्या पाण्याच्या नमुन्यात आर्सेनिक नसताही ते असल्याचा भास होतो तो यामुळे.

आपल्याकडील मातीत यात कॅल्शियमची भर पडते. कॅल्शियमचा मुख्य अणू ४० वजनाचा; तो प्राणवायूशी जोडला गेला की पुन्हा ५६. कॅल्शियमचा एक विरळ प्रकार ४८ वजनाचा आहे. त्याची जोडी ६४ भरते, आणि जस्ताचा सर्वांत विपुल प्रकारही ६४ च. जस्ताचे ६४, ६६, ६७, ६८ व ७० असे पाच प्रकार निसर्गात सापडतात. म्हणून जाणता रसायनज्ञ विपुल असलेला ६४ सोडून ६६ मोजतो. त्याचा हिस्सा शेकडा अठ्ठावीसच्या आसपास असला तरी तो अधिक निर्वेध आहे. लोह व आर्सेनिकाकरिता झोताच्या वाटेवर हेलियम वायूची पेटी ठेवतात. जोडीचा रेणू आकाराने मोठा असल्याने तो हेलियमवर वारंवार आदळून मंदावतो व गाळला जातो. एकटा अणू निसटून पुढे जातो. चुनखडीच्या मातीचा वा खाऱ्या विहिरीचा नमुना तपासावयास देताना तशी सूचना पत्रकावर लिहून देणे म्हणूनच हितावह असते.

काढा कोणता, यावर अर्थ ठरतो

यंत्र कितीही सूक्ष्म असो, त्याच्या पुढे जे द्रावण ठेवाल तेवढेच ते मोजते. माती तीव्र आम्लात उकळून विरघळविली तर एकूण जस्त कळते. परंतु पिकास उपयोगी पडणारे जस्त किती, हे जाणण्यास सौम्य काढा हवा. त्याकरिता अमेरिकेतील लिंडसे व नॉर्व्हेल यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली 'डीटीपीए' पद्धत सर्वत्र मान्य झाली आहे. दहा ग्रॅम मातीत वीस मिलिलिटर द्रावण घालून दोन तास हलवितात व गाळून घेतात. हे द्रावण ७.३ सामूवर स्थिर ठेवलेले असून त्यात कॅल्शियम क्लोराईड मुद्दाम घातलेले असते, जेणेकरून मातीतील चुनखडी विरघळून तिच्यात अडकलेले जस्त खोटेच बाहेर पडू नये. चुनखडीच्या जमिनीकरिताच ही पद्धत योजलेली असल्याने ती आपल्या भागास विशेष लागू पडते. बोरॉन मात्र गरम पाण्याच्या काढ्याने निराळे तपासतात.

हा काढा प्लाझ्मा यंत्रात जसाच्या तसा घालता येत नाही. त्यातील सेंद्रिय द्रव्ये व क्षार मिळून शेकडा पावणेदोन भागांच्या वर भरतात, तर यंत्रास शेकडा ०.२ हून अधिक विरघळलेले द्रव्य सोसवत नाही. शंकूच्या छिद्रावर काजळी व मीठ साचून वाट बुजते. दहापट पाणी घालून तो पातळ करावा लागतो. तसे करूनही जस्त मोजण्याइतके सहज उरते.

येथे एक धोका सांगितलाच पाहिजे. काही ठिकाणी मातीचे 'संपूर्ण पृथक्करण' म्हणून एकूण धातूंचे आकडे देतात. त्यात जस्त किलोला साठ-सत्तर मिलिग्रॅम असे दिसते. शेतकरी हा आकडा ०.६ च्या सीमेशी ताडून पाहतो आणि आपल्या जमिनीत शंभरपट जस्त आहे अशा समजुतीने झिंक सल्फेट देणे बंद करतो. आकडा खोटा नसतो. तुलना चुकीची असते. कणगीतल्या सर्व धान्याचे माप आणि गळणाऱ्या दाण्यांचे माप यांची ती गल्लत होय. अहवाल हाती येताच 'डीटीपीए-निष्कर्षित' किंवा 'उपलब्ध' हे शब्द आहेत की 'एकूण', हे प्रथम पाहावे.

नमुना घेताना

प्रयोगशाळेतील चुकांपेक्षा वावरातील चुका मोठ्या असतात. अर्धा किलो मातीच्या नमुन्यात किलोला ०.४ मिलिग्रॅम या दराने उपलब्ध जस्त असले, तर त्या पिशवीत ते सगळे मिळून ०.२ मिलिग्रॅम भरते. तांदळाच्या एका दाण्याचे वजन साधारणतः वीस मिलिग्रॅम धरले, तर हे त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढे झाले. आता ती माती जस्ताचा मुलामा दिलेल्या घमेल्यात वा बादलीत कालविली, आणि मुलाम्याचा तेवढाच कण तिच्यात घासून उतरला, तर काढ्यात जस्त दुप्पट दिसेल. ०.४ चे ०.८ होईल, 'कमतरता' जाऊन 'पुरेसे' असा शेरा येईल, आणि शेतकरी त्या भरवशावर तीन हंगाम उत्पन्न गमावील.

यास्तव सूक्ष्म अन्नद्रव्यांकरिता माती घेताना गंजलेले फावडे, जस्ती घमेले, पितळी भांडे व खताची रिकामी पोती यांचा वापर कटाक्षाने टाळावा. लाकडी खुरपे, प्लास्टिकचे घमेले व स्वच्छ नवी कापडी किंवा प्लास्टिकची पिशवी घ्यावी. फावड्याने खड्डा करण्यास हरकत नाही. मात्र इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या त्या खड्ड्याच्या कडेचा फावड्याने खरवडला गेलेला थर लाकडी पट्टीने काढून टाकून मगच वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती उतरवावी. कापूस, सोयाबीन व ज्वारीकरिता खोली १५ ते २० सेंटिमीटर पुरे. एका वावरातून आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, सावलीत वाळवून, चार भाग करावेत व समोरासमोरील दोन भाग टाकून द्यावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असे करावे. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाखालची व नुकतेच खत दिलेल्या ओळीतील माती घेऊ नये. भारी व बरड जमीन एकाच गटात असली तरी नमुने निराळे ठेवावेत. उन्हाळ्यात, वखरणी आटोपल्यावर व पेरणीपूर्वी हे काम उरकावे.

केंद्र शासनाने १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू केलेल्या योजनेखाली जी जमीन आरोग्य पत्रिका मिळते, तीत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश व गंधक यांच्या जोडीस जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन हे पाच आकडे असतात. ते न वाचता पत्रिका कपाटात ठेवण्याची प्रथा फार रूढ झाली आहे.

पिण्याचे पाणी व फ्लोराईड

जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागात, विशेषतः पांढरकवडा परिसरात, काही कूपनलिकांच्या पाण्यात फ्लोराईड मर्यादेहून अधिक आढळते. या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास 'करंट सायन्स' या नियतकालिकात २००७ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. भारतीय मानकाप्रमाणे फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे; दुसरी सोय नसल्यास १.५ पर्यंत चालते. त्याहून अधिक पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात, आणि पुढे मोठ्यांचे सांधे ताठरून पाठ वाकते. हाडांत एकदा आलेला हा दोष औषधाने परतत नाही.

आणि नेमके हेच फ्लोराईड आपल्या महागड्या यंत्रास दिसत नाही. कारण सरळ आहे. कोणत्याही अणूपासून इलेक्ट्रॉन सोडविण्यास काही ऊर्जा लागते. जस्तास ती ९.४ एकके लागते, आरगॉनला १५.८ आणि फ्लोरीनला १७.४. ज्योत आरगॉनची असल्याने तिच्या अंगी आरगॉनपेक्षा जास्त घट्ट इलेक्ट्रॉन ओढून काढण्याचे बळ नाही. फ्लोरीन ज्योतीतून जवळजवळ तसाच, भाररहित, निघून जातो व मोजणीयंत्रास त्याचा पत्ता लागत नाही. गावच्या पाण्याचा तीस धातूंचा अहवाल आला, सर्व आकडे मर्यादेत आहेत, म्हणून पाणी निर्धोक आहे असे गावाने ठरविले, तर तो घात होईल. फ्लोराईडची परीक्षा वेगळी मागावी लागते. ती १९६६ मध्ये निघालेल्या लॅन्थॅनम फ्लोराईडच्या स्फटिकाच्या विद्युदग्राने किंवा रंगमापनाने होते. दोन्ही पद्धती स्वस्त असून जिल्ह्याच्या पातळीवर करता येण्यासारख्या आहेत.

शेजारशेजारच्या दोन कूपनलिकांच्या पाण्यातही फ्लोराईडचे प्रमाण भिन्न असू शकते, म्हणून प्रत्येकीचा नमुना स्वतंत्र घ्यावा. पाणी उकळल्याने फ्लोराईड जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तुरटी व चुना वापरून ते कमी करण्याची 'नालगोंडा' पद्धत नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, विकसित केलेली आहे. तथापि तीत मात्रेचा नेमकेपणा व गाळाची विल्हेवाट सांभाळावी लागते. जवळच कमी फ्लोराईडची उथळ विहीर असल्यास तिचे पाणी जंतुविरहित करून पिण्यास वापरणे अधिक सोपे.

दुसरी मर्यादा कीटकनाशकांची. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा प्रसंगी पाण्यात वा रक्तात कोणते औषध आहे हे प्लाझ्मा यंत्र सांगू शकत नाही. ज्योतीत रेणूच मोडतो. उरतो तो स्फुरद, गंधक किंवा क्लोरीन, आणि ही द्रव्ये तर खतातही आहेत व मिठातही. तेथे रेणू अखंड ठेवून वजन करणारी, वर्णलेखनाची जोड असलेली निराळी यंत्रे लागतात.

खत खरे की खोटे

झिंक सल्फेट व मॅग्नेशियम सल्फेट यांचे खडे दिसावयास सारखेच असल्याने पहिल्यात दुसऱ्याची भेसळ होते. याची ढोबळ परीक्षा घरी करता येते. डीएपी खत पाण्यात विरघळवून त्यात झिंक सल्फेटचे द्रावण मिसळले असता दाट साका तयार होतो. नुसत्या मॅग्नेशियम सल्फेटने तसा साका होत नाही. साका न झाल्यास तालुक्याच्या खत निरीक्षकास कळवून रीतसर नमुना काढवून घ्यावा. याच गुणामुळे झिंक सल्फेट स्फुरदयुक्त खतात मिसळून कधीही देऊ नये. पिशवीतच त्याचा साका बनून दोन्ही वाया जातात. खत नियंत्रण आदेश, १९८५ अन्वये या खतात जस्त शेकडा २१ पेक्षा कमी असू नये, व शिसे शेकडा ०.००३ पेक्षा जास्त असू नये. जस्त मोजण्यास साधी पद्धत पुरते. शिशासारख्या अल्प अशुद्धी मोजताना मात्र प्लाझ्मा यंत्राची सूक्ष्मता उपयोगी पडते.

उभ्या पिकात उणीव दिसल्यास दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम विरलेला चुना मिसळून, गाळून, सकाळी वा सायंकाळी फवारावे. बोरॉनच्या बाबतीत मात्र परीक्षेशिवाय हात घालू नये. उणीव व अपाय यांमधील अंतर त्यात फार थोडे आहे. कपाशीवरील 'लाल्या' पाहून सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण फवारण्याचा प्रघात पडला आहे, त्याविषयीही एवढे सांगणे भाग आहे की लाल्याचा संबंध बहुधा नत्र व मॅग्नेशियमच्या उणिवेशी, पाण्याच्या ताणाशी आणि रात्रीच्या थंडीशी असतो.

पाण्याचा नमुना धातूंकरिता द्यावयाचा असल्यास हातपंप काही मिनिटे चालवून नळातील साचलेले पाणी प्रथम वाहू द्यावे, कारण जस्ती नळातून जस्त व लोह पाण्यात उतरते. प्रयोगशाळेने दिलेली, आम्ल घातलेली प्लास्टिकची बाटली असल्यास ती विसळू नये व काठोकाठ भरू नये. फ्लोराईडकरिता दुसरी, आम्ल न घातलेली प्लास्टिकची बाटली द्यावी. काच चालत नाही. दोन्हींवर गाव, कूपनलिकेची खूण, खोली व तारीख लिहावी. अहवालात एखाद्या धातूपुढे 'शोधमर्यादेखाली' असा शेरा आला तर त्याचा अर्थ शून्य असा नव्हे. शोधमर्यादा किती होती तो आकडा मागून घ्यावा, आणि तो मानकाच्या मर्यादेहून लहान आहे याची खात्री झाल्यावरच तो शेरा स्वीकारावा.